ऐप्टेशियाला चुना लावला

घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत आणलेल्या नव्या कोरलच्या (प्रवाळाच्या) बुडाशी तपकिरी, अर्धपारदर्शक, इवल्याशा माडासारखं काहीतरी डुलत होतं. छान दिसतंय म्हणून राहू दिलं. तीन महिन्यांत एकाची चाळीस झाली आणि शेजारचे झोआ (फुलासारखे उमलणारे मऊ कोरल) मिटूनच राहायला लागले. मग चिमट्याने उपटायला गेलो, ती घोडचूक. हा ऐप्टेशिया, म्हणजे टाकीत तणासारखा माजणारा समुद्रफुलाचा (सी ॲनिमोनचा) प्रकार. त्याच्या पायाचा कण जरी दगडाला राहिला, तरी त्यातून नवा उगवतो.

शेवटी चुना कामी आला. पानाला लावतात तोच, कॅल्शियम हायड्रॉक्साइड, पण शुद्ध. आरओच्या पाण्यात दह्याइतका घट्ट कालवला, सिरिंजमध्ये भरला, पंप बंद केले. सुई हळूच तोंडाशी न्यायची, तो आक्रसायच्या आत थेंब सोडायचा, वरून लेप. अर्ध्या तासाने पंप सुरू. एका दिवशी चार-पाचच, नाहीतर पीएच चढतो. चष्मा घाला, चुना डोळ्यात गेला तर महागात पडेल.

फटींतल्यांसाठी तीन पेपरमिंट कोळंब्या आणल्या. (दुकानात आधी कुबडवाली उंट कोळंबी दाखवली होती. ती कोरलच कुरतडते!) दिवसभर दगडाआड दडलेल्या, रात्री लाल टॉर्चमध्ये मात्र बारीक ऐप्टेशिया खुडताना सापडल्या. मोठ्यांना त्या शिवत नाहीत. त्यांच्यासाठी अजून सुईच.