चार वॉशर एकाच लॉटचे, मग एकच कसा जळाला? गिअरबॉक्समध्ये नवीन येणाऱ्यांसाठी माझा अनुभव

मेकॅनिकल करून गिअरबॉक्स डिझाइनमध्ये यायचं ठरवलेली मुलं-मुली दातांबद्दल भरपूर वाचून येतात, मॉड्यूल, हेलिक्स अँगल, कॉन्टॅक्ट रेशो सगळं तोंडपाठ असतं, आणि ते हवंच. पण पहिल्या एक-दोन वर्षांत टेस्ट बेडवरून उघडून टेबलावर जे येतं तो बऱ्याचदा दात तुटलेला गिअर नसतोच, येतो तो दीड मिलिमीटर जाडीचा एक थ्रस्ट वॉशर, म्हणजे बाजूने येणारा जोर झेलणारी सपाट चकती, निळा पडलेला. माझ्या बाबतीत हेच झालं. तेव्हापासून अकरा वर्षं मी पुण्यात ट्रान्समिशनमध्येच आहे आणि त्यातला मोठा काळ या वॉशरच्या मागे गेलाय. कॉलेजात याच्यावर अर्धं पानही नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी जागा समजून घ्या. प्लॅनेटरी सेटमध्ये मधोमध सन गिअर, बाहेरून रिंग गिअर आणि दोघांच्या मधे तीन, चार किंवा पाच पिनियन, ज्यांना आपण प्लॅनेट म्हणतो, ते कॅरियरच्या पिनांवर बसवलेले. पिन आणि पिनियनच्या मधे निडल रोलर असतात, ते रेडियल, म्हणजे अक्षाला काटकोनातला, लोड घेतात. आता पिनियनचे दोन सपाट फेस आणि कॅरियरच्या दोन भिंती यांच्यात जी फट उरते तिथे हे वॉशर बसतात. पिनियन फिरता फिरता जरा इकडे-तिकडे सरकला की इथेच घासतो. तिथे बॉल नाही, रोलर नाही, सपाट धातूवर सपाट धातू आणि मधे तेलाचा पापुद्रा.

इंटरव्ह्यूत मी एक प्रश्न हमखास विचारते, हेलिकल, म्हणजे तिरक्या दातांच्या, प्लॅनेटवर निव्वळ अ‍ॅक्सियल, म्हणजे अक्षाच्या दिशेचा, लोड किती? तयारी करून आलेले बरोबर सांगतात, शून्य, कारण सनच्या मेशमधून, म्हणजे दात जुळतात तिथून, येणारा जोर एका दिशेला आणि रिंगच्या मेशमधून येणारा तेवढाच जोर उलट दिशेला. मग मी विचारते की शून्य आहे तर वॉशर झिजतो का, आणि इथे बहुतेक जण गप्प होतात. एक ताट दोन्ही हातांनी कडेला धरा, एका हाताने पुढे ढकला, दुसऱ्याने तेवढ्याच जोराने मागे ओढा. ताट जागेवरच राहतं पण तिरकं होतं. प्लॅनेटचं अगदी हेच होतं, दोन जोर एकमेकांना खोडतात पण ते पिनियनच्या दोन वेगवेगळ्या बाजूंना लागतात त्यामुळे पिनियन कलतो, आणि कलला की एका वॉशरवर वरच्या बाजूला आणि समोरच्या वॉशरवर खालच्या बाजूला टेकतो. वापरलेला वॉशर हातात घेऊन उजेडात तिरका धरला तर चंद्रकोरीसारखा चकचकीत पट्टा दिसतो, दुसऱ्या बाजूच्या वॉशरवर बरोबर उलट जागी तशीच कोर. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की फ्री बॉडी डायग्राम आयुष्यात विसरत नाही. आणि स्पर, म्हणजे सरळ दातांचे, गिअर घेतले म्हणून सुटका होते असंही नाही, निडल रोलर जरासे तिरके झाले तरी ते पिनियनला एका बाजूला ढकलत नेतात.

आता माझी गोष्ट. जीईटी, म्हणजे ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी, म्हणून लागून पाच महिने झाले होते, कंपनीचं नाव लिहीत नाही. चार प्लॅनेटचा सेट एन्ड्युरन्स टेस्टला, म्हणजे किती तास टिकतो ते बघायला, लावलेला आणि ठरलेल्या तासांच्या निम्म्यातच तेलाचं तापमान वर जायला लागलं म्हणून टेस्ट थांबवली. ड्रेन प्लगचं मॅग्नेट एकदम स्वच्छ, त्यामुळे आधी सगळ्यांना वाटलं सेन्सरचाच प्रॉब्लेम असणार. पण काढलेलं तेल पांढऱ्या ट्रेमध्ये ओतलं तेव्हा त्यात बारीक सोनेरी चमक तरंगत होती. ब्राँझ. ब्राँझ मॅग्नेटला चिकटत नाही हे शाळेतलं ज्ञान, पण त्या दिवशी डोक्यात पक्कं बसलं, मॅग्नेट स्वच्छ म्हणजे गिअरबॉक्स ठणठणीत असं कधीच धरायचं नाही.

उघडलं तर चारपैकी तीन प्लॅनेट छान, चौथ्याचा ब्राँझ वॉशर एका बाजूला कागदासारखा पातळ झालेला आणि त्याच्या शेजारचा स्टीलचा वॉशर निळा. स्टीलच्या रंगावरून तापमानाचा अंदाज येतो, फिकट पिवळा असेल तर साधारण २२० ते २३० अंश, निळा म्हणजे ३०० च्या आसपास, म्हणजे त्या जागी तेल नावाची गोष्ट बराच वेळ नव्हतीच. मीटिंगमध्ये मटेरियल बदलायचं ठरत आलं होतं, सप्लायरला मेल टाकायची तयारी सुरू. तेव्हा टेस्ट शॉपमधले एक काका, आयटीआय करून लागलेले आणि माझ्या जन्माच्या आधीपासून गिअरबॉक्स उघडणारे, मला म्हणाले, "मॅडम, चारही वॉशर एकाच लॉटचे ना? मग तीन चांगले कसे राहिले?"

याच्यावर कोणाकडे उत्तर नव्हतं. काकांनी कॅरियर व्हाइसमध्ये आडवा धरला, एक पिन बरोबर खाली येईल असा, आणि ऑइल कॅनने मधल्या बाजूने तेल सोडलं. थोड्या वेळाने त्या पिनच्या प्लॅनेटखालून, वॉशरच्या कडेने थेंब यायला लागले. कॅरियर फिरवून दुसरा पिन खाली, परत थेंब. तिसरा, थेंब. चौथ्याला काहीच नाही, तेल भलतीकडूनच कॅरियरच्या पाठीवरून ओघळलं. कॅरियरच्या मागे प्लास्टिकची एक ऑइल कॅचर रिंग असते, शाफ्टमधून उडालेलं तेल ती झेलते आणि पोकळ पिनांच्या तोंडात घालते. तिची एक क्लिप लॉक झालीच नव्हती, फट नखाएवढीसुद्धा नाही, पण सगळं तेल तिथून निघून जात होतं. ती रिंग मीच बसवली होती. जाऊन मॅनेजरना तसंच सांगितलं, ते रागावले नाहीत, पुढच्या आठवड्यात रिंग दाबायचं फिक्स्चर करायचं काम मलाच दिलं. मटेरियल बदललं असतं तर काय झालं असतं याचा विचार करून मला अजूनही अस्वस्थ वाटतं, कारण नव्या बिल्डमध्ये क्लिप नीट बसली असती, टेस्ट पास झाली असती, आणि आम्ही महागड्या वॉशरलाच कायमचं श्रेय देऊन बसलो असतो.

म्हणून तेलाचा रस्ता ड्रॉइंगवर पेन्सिलने काढायची सवय लावून घ्या. शाफ्टच्या मधल्या भोकातून निघालं, आडव्या भोकातून उडालं, कॅचरने झेललं, पिनमध्ये शिरलं, पिनच्या क्रॉस होलमधून निडलमध्ये आलं, निडलमधून दोन्ही बाजूंना वॉशरच्या आतल्या कडेला, आणि मग वॉशरच्या फेसवरून बाहेर. वॉशर या रस्त्याच्या शेवटी आहे, वर कुठेही चोरी झाली तर उपाशी राहणार तो हाच. बाहेर जायलाही वाट लागते, तेल अडून राहिलं तर तेच तेल तापत बसतं. शिवाय कॅरियर फिरत असतो त्यामुळे तेलाला सतत सेटच्या केंद्रापासून लांब जायचं असतं, म्हणजे प्लॅनेटच्या बाहेरच्या अंगाला भरपूर आणि सनकडच्या अंगाला कमी.

तेलाचा पापुद्रा भार उचलतो कसा, हे समजायला थोडा इतिहास वाचा, मजा येते. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बीचम टॉवर नावाचा इंजिनिअर रेल्वेच्या अ‍ॅक्सल बेअरिंगवर प्रयोग करत होता, त्याने बेअरिंगच्या माथ्यावर तेल घालायला भोक पाडलं तर तेल आत जायच्या ऐवजी बाहेर यायला लागलं, लाकडी बूच ठोकलं तर तेही बाहेर ढकललं गेलं. आत प्रेशर तयार होत होतं. १८८६ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्सने त्याचं गणित मांडलं, की एका बाजूने रुंद आणि दुसरीकडे निमुळती होत जाणारी फट असेल तर फिरणारा भाग तेल आत ओढून नेतो आणि त्या पाचरीसारख्या तेलात प्रेशर उभं राहतं. आता गंमत बघा, दोन फेस एकमेकांना अगदी समांतर असले तर या गणिताप्रमाणे प्रेशर शून्य! यावर ऑस्ट्रेलियात मिचेलने आणि अमेरिकेत किंग्सबरीने स्वतंत्रपणे तोड काढली, स्वतःहून कलणारे पॅड. किंग्सबरीचं बेअरिंग १९१२ मध्ये पेनसिल्व्हेनियात सस्क्वेहाना नदीवरच्या होल्टवूड जलविद्युत केंद्रात बसलं.

आपल्याकडे कलणाऱ्या पॅडला जागाच नाही, दीड मिलिमीटरमध्ये काय काय बसवणार. म्हणून आपण ग्रूव्ह देतो, आणि बहुतेक नवीन लोक इथे चुकतात. ग्रूव्ह म्हणजे नुसती तेल साठवायची खाच नाही. तिची कड धारदार ठेवली तर ती उलथन्यासारखी समोरच्या फेसवरचं तेल खरवडून काढते. तीच कड हळूहळू उतरती केली, अगदी काही मायक्रॉनचा उतार, तर तीच पाचर होते आणि भार उचलायला लागते. ग्रूव्ह आरपार बाहेरपर्यंत काढला तर तेल ताजं येत राहतं पण टिकत नाही, बाहेरच्या टोकाला थोडा बंद ठेवला तर तेल फेसवर पसरतं पण कचरा अडकतो. मी स्वतः आरपार पण बाहेर अरुंद होत जाणारा ग्रूव्ह पसंत करते, दुसरे वेगळं सांगतील. काही डिझाइनमध्ये ग्रूव्ह थेट पिनियनच्या फेसवरच काढून एक वॉशर वाचवतात, चांगली आयडिया आहे, पण मग समोरची बाजू तेवढी कडक आणि गुळगुळीत लागते. फेसवर टर्निंगच्या रेघा राहिल्या तर त्या ब्राँझला कानशीसारख्या खातात, आम्ही घासणाऱ्या फेसला ०.४ मायक्रॉन आरएच्या (आरए म्हणजे पृष्ठभागाच्या खडबडीतपणाचं सरासरी माप) खाली राहतो.

दोन वॉशर का लावतात हेही विचारा कधी. निडल रोलरची टोकं सतत बाजूला टोचत असतात, ब्राँझ तिथे लावला तर ती टोकं त्यात गोल चर पाडतात, म्हणून निडलकडे कडक स्टीलचा आणि कॅरियरकडे ब्राँझचा.

थोडं गणित करू, कारण ईव्हीमुळे हा विषय परत पेटलाय. सन ३० दात, प्लॅनेट २०, रिंग ७०, रिंग फिक्स. रेशो आला १ अधिक ७० भागिले ३०, म्हणजे ३.३३. मोटर १५,००० आरपीएमला असेल तर कॅरियर ४,५००, आणि प्लॅनेट कॅरियरच्या तुलनेत फिरतो (१५,००० वजा ४,५००) गुणिले ३० भागिले २०, म्हणजे १५,७५० आरपीएम. प्लॅनेट मोटरपेक्षाही जोरात फिरतोय हे बघून नवीन लोक दोनदा कॅल्क्युलेटर दाबतात. वॉशर ३० मिमी बाहेरून, १६ मिमी आतून धरला तर सरासरी व्यास २३, घासण्याचा वेग साधारण १९ मीटर प्रति सेकंद. क्षेत्रफळ ५०६ चौरस मिमी, २०० न्यूटन भार आला तर प्रेशर ०.४ मेगापास्कल, ऐकायला काहीच नाही. पण फिल्म नीट नसेल आणि घर्षणाचा गुणांक ०.०५ धरला तर उष्णता २०० गुणिले ०.०५ गुणिले १९, म्हणजे १९० वॉट, एका छोट्या वॉशरवर. फिल्म बसली आणि गुणांक ०.०१ वर आला तर ३८ वॉट. आणि हे पूर्ण फेस टेकलाय असं धरून, चंद्रकोरीवर टेकला आणि क्षेत्रफळाचा दहावा हिस्साच सगळा भार घेत असेल तर प्रेशर दहापट. त्यात चर्निंग लॉस, म्हणजे गिअर तेल घुसळतात त्यात वाया जाणारी ताकद, वाचवायला तेलं दिवसेंदिवस पातळ होतायत, त्यामुळे पापुद्राही पातळ. पीईईकेसारखे पॉलिमर वॉशर याचमुळे पुढे आलेत, पण ते उष्णता वाहून नेत नाहीत, तेल कमी पडलं की ब्राँझ कुरकुरतो आणि पॉलिमर सरळ वितळतो, हे लक्षात ठेवून निवडा.

आता तुम्ही काय करायचं. पहिलं पोस्टिंग डिझाइनच्या कॉम्प्युटरवर मिळालं तरी आठवड्यातून एक दिवस टेस्ट शॉप मागून घ्या, चाकण असो, भोसरी असो की वाळूज. डिप्लोमावाल्यांना इथे मला खरंच पुढे वाटतं, त्यांचा हात पार्टला लागलेला असतो. टॉलरन्स स्टॅक-अप हाताने, कागदावर करायला शिका, पिनियनची रुंदी, दोन्हीकडचे वॉशर, कॅरियरच्या भिंतींमधलं अंतर, यातून एंड प्ले, म्हणजे पिनियनला बाजूला सरकायला उरणारी जागा, किती येतो ते काढा आणि मग फीलर गेज घालून मोजा. कमी आला तर तेलाला जागा नाही, जास्त आला तर पिनियन जास्त कलतो. ट्रायबॉलॉजीचे, म्हणजे घर्षण, झीज आणि वंगणाच्या शास्त्राचे, एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन पोर्टलवरचे लेक्चर फुकट आहेत, रेनॉल्ड्स इक्वेशनचा भाग पहिल्यांदा कळणार नाही, एखादा वॉशर हाताळल्यावर परत ऐका. सॉफ्टवेअरमध्ये तेलाचं सिम्युलेशन आता छान होतं, जरूर शिका, फक्त त्यात क्लिप नेहमी बसलेलीच असते.

आणि टिअरडाउनला, म्हणजे टेस्टनंतर गिअरबॉक्स उघडताना, हातात कापड घेऊन उभे राहू नका. पार्ट पुसायच्या आधी फोटो, कुठला वॉशर कुठल्या पिनचा आणि कुठल्या बाजूचा ते मार्करने लिहून, तेलाचा नमुना काचेच्या बाटलीत. एकदा चारही सेट एका ट्रेमध्ये मिसळले की कोर कुठल्या बाजूला होती हे कोणालाच सांगता येत नाही. आमच्याकडे आता प्रत्येक बिल्डच्या आधी कॅरियर आडवा धरून चारही पिन तेल सोडून तपासतात, चेकशीटवर चार रकाने आहेत, थेंब दिसला की टिक. नवीन जीईटी आले की पहिल्या दिवशी ऑइल कॅन त्यांच्याच हातात देते.