पावसाळा संपताना क्रूडच्या टाक्यांची तयारी

मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटर पश्चिमेला समुद्रात असलेल्या मुंबई हाय या तेलक्षेत्रातून 1976 पासून येणारे क्रूड, म्हणजे कच्चे तेल, हलके आणि कमी गंधकाचे असले, तरी त्यात मेणाचे प्रमाण बरेच असते आणि सुमारे 30 अंश सेल्सिअसच्या खाली ते वाहायचे थांबते. उरण-ट्रॉम्बे पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री हवा याहून कितीतरी गार असते. म्हणून अशा क्रूडच्या तरंगत्या छताच्या, म्हणजे तेलाच्या पातळीबरोबर छत वर-खाली होणाऱ्या, टाक्यांची तयारी ऑक्टोबरमध्येच व्हायला हवी. थंडीत तळाशी घट्ट बसलेला थर नंतर हलवणे फार अवघड जाते.

पहिले काम म्हणजे आज तळाशी किती गाळ आहे ते मोजणे. एकाच डिप हॅचमधून (छतावरच्या माप घेण्याच्या तोंडातून) घेतलेल्या मापावर विसंबू नये, कारण गाळ सपाट बसत नाही. मिक्सरच्या, म्हणजे तेल घुसळणाऱ्या पंख्याच्या, प्रवाहाबाहेरच्या कोपऱ्यांत त्याचे उंचवटे तयार होतात. छत खाली आल्यावर ज्यांवर टेकते त्या पायांच्या नळ्यांमधून जितक्या ठिकाणी माप घेता येईल तितके घ्यावे आणि टाकीच्या गोल नकाशावर आकडे मांडावेत. 60 मीटर व्यासाच्या टाकीत केवळ 1 सेंटिमीटरचा थर म्हणजे सुमारे 28 घनमीटर गाळ होतो, हे लक्षात ठेवले की मोजमापातला आळस आपोआप जातो. माल घेतल्यानंतर स्थिर विद्युत ओसरण्यासाठी किमान अर्धा तास थांबावे, आणि छत खाली असताना त्यावर उतरणे म्हणजे बंदिस्त जागेत उतरणेच आहे असे समजून वायूची तपासणी व परमिट घेतल्याशिवाय कोणालाही पाठवू नये.

त्यानंतर पाण्याकडे वळावे. चार महिन्यांच्या पावसात छताच्या कडेच्या सीलमधून पाणी आत झिरपलेले असते. सील फाटले आहे का आणि छताचा ड्रेन मोकळा आहे का, हे याच वेळी पाहून घ्यावे. तळाचे पाणी गाळाला बांधून ठेवते, आणि थराखाली वाढणारे जिवाणू तळाच्या पत्र्याला खड्डे पाडतात. पाणी काढताना झडप सावकाश उघडावी, कारण एकदम उघडल्यास वरचे तेल भोवऱ्याने खाली ओढले जाते आणि पाणी मात्र मागे राहते.

सर्वांत जास्त वेळ मिक्सरला द्यावा, असे माझे ठाम मत आहे. बाजूने बसवलेला मिक्सर चालू आहे एवढे पाहून समाधान मानणे ही नेहमीची चूक. त्याची मोटर किती अँपिअर घेते, मेकॅनिकल सील गळते का, गिअरबॉक्समधले तेल ठीक आहे का, आणि विशेषतः त्याचा कोन बदलतो का, हे स्वतः पाहावे. मी पाहिलेल्या एका टाकीत कोन बदलता येणारा मिक्सर कित्येक महिने एकाच कोनात अडकून राहिला होता. त्याच्या समोरची पट्टी स्वच्छ होती, आणि दोन्ही बाजूंना गाळ इतका चढला होता की छत उतरवताना काही पाय गाळावर टेकले आणि छत तिरके झाले. कोन ठरावीक दिवसांनी बदलण्याचे वेळापत्रक शिफ्टच्या वहीत लिहून ठेवावे आणि पंख्यावर पुरेसे तेल नसताना मिक्सर कधीही चालवू नये.

मिक्सरचा क्रमही ठरवून ठेवावा, कारण घुसळणे आणि पाणी खाली बसू देणे ही परस्परविरोधी कामे आहेत. माल घेतल्यावर आधी टाकी स्थिर ठेवावी, मग पाणी काढावे, आणि त्यानंतर युनिटला, म्हणजे क्रूड शुद्ध करणाऱ्या विभागाला, पुरवठा सुरू होण्याआधी मिक्सर लावावा, म्हणजे मेण व बारीक गाळ तेलाबरोबरच निघून जातो. जुना थर जाड असेल तर तो एकाच वेळी उठवू नये. डिसॉल्टरचे (क्रूडमधले मीठ काढणाऱ्या यंत्राचे) काम बिघडते, म्हणून युनिटच्या माणसांना आधी कळवून थोडा-थोडा उठवावा.

तेल गरम ठेवणाऱ्या वाफेच्या कॉइलचे ट्रॅप (साचलेले पाणी बाहेर सोडणाऱ्या झडपा) तपासावेत आणि तेल पोअर पॉइंटच्या, म्हणजे ज्याखाली ते वाहायचे थांबते त्या तापमानाच्या, साधारण 10 अंश वर राहील अशी व्यवस्था करावी. गार, गोठलेल्या थरावर मिक्सर चालवला तर तो आपल्यासमोर फक्त पोकळी कोरतो.

वेगळे क्रूड येणार असेल तर टाकीतल्या मालाशी त्याचे मिश्रण प्रयोगशाळेत आधी करून पाहावे. अॅस्फाल्टीन (डांबरासारखा जड घटक) असलेल्या जड क्रूडमध्ये मेणयुक्त हलके क्रूड मिसळले की कधी कधी अॅस्फाल्टीन बाहेर पडते, आणि असा गाळ गरम करूनही विरघळत नाही. या एका चाचणीवाचून टाकी भरू नये.

एवढे करूनही एखादी टाकी साफ करण्यासाठी उघडावी लागली, तर आतला लोखंडी सल्फाइड सुकताच हवेत आपोआप पेटू शकतो, म्हणून तो ओला ठेवण्याची सोय आधीच असावी. निघालेला गाळ 2016 च्या घातक कचरा नियमांखाली येतो व साधारणपणे 90 दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही, त्यामुळे तो कोणाकडे जाणार हे मॅनहोल उघडण्याआधी ठरलेले असावे.

डिसेंबरमध्ये त्याच बिंदूंवर पुन्हा डिप घेऊन ऑक्टोबरच्या आकड्यांशेजारी नवे आकडे लिहावेत, आणि जिथे थर वाढलेला दिसेल त्या दिशेला त्याच आठवड्यात मिक्सरचा कोन वळवावा.