लाल गुलाब, हिरवी पानं आणि एकच करडा: कृष्णधवल फोटोसाठी रंगीत फिल्टर

माझ्या टेबलासमोर एकाच गुलाबाच्या तीन प्रिंट्स शेजारी शेजारी लावलेल्या आहेत. तिन्ही वेळा कॅमेरा ट्रायपॉडवर जागच्या जागी होता आणि ऊनही तेच होतं. पहिली प्रिंट बिनफिल्टरची. तिच्यात फूल शोधावं लागतं, कारण पाकळ्या आणि पानं जवळजवळ एकाच करड्या छटेत उतरली आहेत. दुसरी लाल फिल्टरमधून काढलेली: पाकळ्या पांढुरक्या, पानं काळपट. तिसरी हिरव्यातून: फूल गडद आणि मखमली, पानं इतकी उजळ की शिरा मोजाव्यात. शिकायला येणाऱ्याच्या हातात मी आधी या प्रिंट्स देते, नियम नंतर सांगते.

नियम छोटासा आहे. फिल्टर स्वतःच्या रंगाच्या वस्तू उजळ करतो आणि विरुद्ध रंगाच्या गडद करतो. म्हणून फिल्टरला हात लावण्याआधी समोरचं दृश्य नीट बघा. यातल्या कोणत्या दोन गोष्टी निव्वळ रंगामुळे वेगळ्या दिसताहेत? रंग गेला की त्या एकमेकींत मिसळणार आहेत. फिल्टर त्यांच्यासाठी निवडायचा. बहुतेक जण तो फक्त आकाशासाठी निवडतात आणि खाली जमिनीवर काय होतंय ते पाहतच नाहीत.

सुरुवात पिवळ्यापासून करा. फिल्टरांना क्रमांक देणाऱ्या रॅटन पद्धतीत त्याचा क्रमांक 8. निळ्या आकाशाचा नेहमीच्या फिल्मवर बऱ्याचदा फिक्कट पांढरा पट्टा होतो. पिवळा फिल्टर निळा प्रकाश अडवतो, त्यामुळे ढग उठून दिसतात आणि तरीही चित्र नैसर्गिक वाटतं. बाहेर पडले की माझ्या लेन्सवर हाच असतो. नारिंगी, क्रमांक 21, त्याच्या पुढची पायरी. विटा आणि दगड यांचा पोत त्यातून छान येतो. लाल, क्रमांक 25, आकाश जवळजवळ काळं करतो. पिवळसर हिरवा, क्रमांक 11, झाडीसाठी. दाट हिरवाईतल्या वेगवेगळ्या छटा त्याच्याइतक्या दुसरा कुणी सोडवून दाखवत नाही. निळा मी क्वचितच लावते, दूरची धूसरता मुद्दाम वाढवायची असेल तेव्हा.

आता एक्स्पोजर. फिल्टर प्रकाश खातो, तो भरून द्यावा लागतो: पिवळ्याला साधारण 1 स्टॉप (प्रत्येक स्टॉपला प्रकाश दुप्पट), नारिंगी आणि पिवळसर हिरव्याला 2, लालला 3. समजा, 100 आयएसओची फिल्म आहे, लख्ख ऊन आहे आणि फिल्टरशिवाय एफ/16 ला 1/125 सेकंद येतंय. लाल लावल्यावर लेन्सचं छिद्र एफ/5.6 पर्यंत मोठं करा किंवा शटर 1/15 वर आणा. 1/15 ला हात हलतो, तेव्हा ट्रायपॉड घ्या. कॅमेऱ्याचा मीटर लेन्समधूनच प्रकाश मोजत असेल तर फिल्टरचा हिशेब त्यात आलेलाच असतो, पुन्हा भरपाई करू नका. गडद लालच्या बाबतीत मात्र बरेच मीटर चुकतात. म्हणून मी फिल्टर काढून मोजते आणि 3 स्टॉप हाताने देते.

लालबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सगळ्यांना आधी तोच हवा असतो. लाल फिल्टर लावून काढलेला माझा पहिला रोल धुतला तेव्हा आकाश हवं तसं आलं होतं, पण झाडाखालच्या सावलीत निगेटिव्ह अगदी कोरी होती. हिशेब बरोबर होता, तरीही. उन्हातल्या सावलीला उजेड मिळतो तो निळ्या आकाशाकडून, आणि लाल फिल्टर नेमका तोच अडवतो. तेव्हापासून सावलीतला तपशील महत्त्वाचा असेल तर मी आणखी एक स्टॉप देते, नाहीतर सरळ नारिंगीवर येते. आकाश थोडं कमी नाट्यमय आलं तरी चालेल, झाडाचं खोड दिसलं पाहिजे.

अर्थात लालची जागा लालचीच. 10 एप्रिल 1927 रोजी अमेरिकन छायाचित्रकार अॅन्सल अॅडम्स यांनी योसेमिटीतल्या हाफ डोम या कड्याचा फोटो आधी पिवळ्या फिल्टरने काढला. मनात जे उमटलं होतं ते त्यात येणार नाही हे लक्षात आल्यावर उरलेली शेवटची प्लेट त्यांनी गडद लाल, 29 क्रमांकाच्या फिल्टरमधून टिपली. काळ्या आकाशासमोर उभा असलेला तो कडा आजही अंगावर येतो.

काही ठिकाणी फिल्टरकडून अपेक्षाच ठेवू नका. ढगांनी भरलेल्या पांढऱ्या आकाशाला तो काळं करू शकत नाही, कारण तिथे निळं काही नसतंच. दूरच्या डोंगरावरची निळसर धूसरता लाल फिल्टर कापतो, पण दाट धुकं कापत नाही. धुक्यातले पाण्याचे थेंब सगळेच रंग सारखे विखुरतात. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल प्रकाश दिसतच नाही, तिथे लाल फिल्टर म्हणजे लेन्सवर झाकण.

माणसांचे फोटो काढताना जपा. लालमधून ओठ फिके पडतात आणि चेहरा खडूसारखा सपाट होतो. माझ्या वडिलांचा एक फोटो मी असा घालवला, त्यांच्या कपाळावरच्या निम्म्या रेषा त्यात आल्याच नाहीत. त्या रेषांसाठीच तर फोटो काढायचा होता. आता वयस्क चेहऱ्यांना मी पिवळसर हिरवा लावते.

रंगीत सेन्सरच्या डिजिटल कॅमेऱ्यावर हे फिल्टर लावू नका. लाल काचेमागे जेमतेम पाव भाग पिक्सेल नीट काम करतात आणि बाकीचे उपाशी राहतात. रॉ फाइल रंगीतच घ्या आणि कृष्णधवल करताना सॉफ्टवेअरमध्ये लाल, हिरवा, निळा यांचं प्रमाण बदला. निव्वळ कृष्णधवल सेन्सर असेल तर मात्र काचेचाच फिल्टर हवा.

फिल्टर तुमच्या सगळ्यात मोठ्या लेन्सच्या मापाचा घ्या आणि लहान लेन्ससाठी स्टेप-अप रिंग वापरा. लावताना हलक्या हाताने फिरवा. तरीही अडकलाच तर कडा चिमटीत जोरात धरू नका, त्याने रिंग वाकते आणि आणखी घट्ट बसते. कडेभोवती रुंद रबर बँड गुंडाळा, सगळीकडून सारखा दाब द्या आणि सावकाश फिरवा.