दगडाचं वय काढायला शिकताना

भूशास्त्राला नवीन आलेली मुलं हमखास विचारतात, "कार्बन डेटिंग कधी शिकवणार?" सोलापूरच्या दगडाला ते लागू पडत नाही. कार्बन-१४ चं अर्धायुष्य, म्हणजे तो निम्मा उरायला लागणारा काळ, ५,७३० वर्षं. साधारण ५० हजार वर्षांपलीकडे मोजण्याइतका तो उरतच नाही, आणि मुळात तो लागतो हाडं, लाकूड, कोळसा अशा एकेकाळच्या सजीवांच्या अवशेषांना. आपल्या पायाखालचा काळा पाषाण म्हणजे दख्खनचा लाव्हा, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा.

सुरुवात विहिरीपासून करा. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की अक्कलकोट, मोहोळकडच्या जुन्या विहिरींच्या भिंती उघड्या पडतात. घट्ट काळा पाषाण, पांढऱ्या ठिपक्यांचा मांजऱ्या, आणि नशीब असेल तर मध्येच गेरूचा लाल पट्टा. एक लाव्हा थंड झाला, त्याची झीज होऊन माती व्हायला वेळ मिळाला, मग दुसरा आला. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा, हा निकोलस स्टेनो या डॅनिश शास्त्रज्ञाने १६६९ मध्ये मांडलेला नियम. हा क्रम वहीत नीट काढता यायलाच हवा. (शेतमालकाला विचारल्याशिवाय आणि एकट्याने विहिरीत उतरू नका.)

वर्षांचा आकडा देतं पोटॅशियम-४०, म्हणजे दगडातल्या पोटॅशियमचा किरणोत्सारी प्रकार. त्याचं अर्धायुष्य १२५ कोटी वर्षं, आणि त्यातल्या काही भागाचा आरगॉन वायू होतो. लाव्हा पातळ असताना जुना आरगॉन निघून जातो. दगड गोठला की नवा आत साठत जातो. म्हणून नमुना घेताना घाई करू नका. हातोड्याने तपकिरी साल उडवून आतला ताजा, निळसर काळा गाभा घ्यायचा. मांजऱ्या टाळायचा, कारण त्याच्या पोकळ्यांत मागाहून भरलेली झिओलाइटसारखी खनिजं हिशेब बिघडवतात. मग दगड कुटून, चाळून, सूक्ष्मदर्शकाखाली प्लॅजिओक्लेज या खनिजाचे स्वच्छ कण एकेक करून वेचायचे. मान आखडते, डोळे चुरचुरतात. पण वयाचा खरेखोटेपणा माझ्या मते इथेच ठरतो.

जीवाश्माचं वय बहुधा थेट निघत नाही. दोन लाव्हांमधल्या तळ्याच्या गाळात शिंपला सापडला, तर तो खालच्या लाव्हानंतरचा आणि वरच्याच्या आधीचा, एवढं ठामपणे म्हणता येतं.

पुणे जिल्ह्यातल्या बोरीचं उदाहरण तर प्रत्येकाने मुळातून वाचावं. कुकडीकाठी तिथे ज्वालामुखीची राख आणि अश्मयुगीन हत्यारं सापडली. कुकडीचं पाणी घोडमार्गे आपल्या भीमेतच येतं. त्या राखेचं वय एका अभ्यासात १४ लाख वर्षं आलं, दुसऱ्यात ६.७ लाख, काहींनी ती सुमात्रातल्या टोबाच्या उद्रेकाची, म्हणजे सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीची मानली. राखेत जुने कण मिसळले असतील, तर यंत्र अचूक मोजूनही भलत्याच घटनेचं वय देतं. म्हणून कुठलाही आकडा दिसला की आधी विचारा, हे वय नेमकं कशाचं?

शिकायला सोलापूर विद्यापीठात भूशास्त्र संकुल आहे. कालमापनाच्या प्रयोगशाळा देशात मोजक्याच. आरगॉन पद्धतीची एक आयआयटी मुंबईत आहे. तिथे काम करायचं मनात असेल, तर भौतिकशास्त्र आणि लॉगॅरिदम बारावीनंतर सोडून देऊ नका. सरकारी नोकरीसाठी यूपीएससीची भूवैज्ञानिक परीक्षा असते. तिच्या अभ्यासक्रमात स्तरशास्त्र (थरांच्या क्रमाचा अभ्यास) आणि जीवाश्मशास्त्र दोन्ही आहेत, त्यामुळे विहिरीवर काढलेल्या वह्या तेव्हाही कामाला येतात.