घरातला रेडॉन मोजताय? या चुका टाळा

रेडॉनला रंग नाही, वास नाही. जमिनीतल्या युरेनियमपासून रेडियम आणि रेडियमपासून हा किरणोत्सारी वायू तयार होतो आणि फरशीच्या भेगांतून, पाइपांभोवतीच्या फटींतून घरात शिरतो. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या कारणांत त्याचा नंबर धूम्रपानाच्या खालोखाल लागतो.

छोट्या वस्तीत हमखास होणारी चूक म्हणजे शेजाऱ्याचा आकडा आपला मानणं. ‘त्यांच्याकडे कमी निघाला, मग आपल्याकडे कुठून येणार?’ असं नसतं. १९८४ साली अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनियात स्टॅन्ली वॉट्रस हे अभियंते अणुवीज केंद्रात कामावर आत जातानाच किरणोत्सार तपासणाऱ्या यंत्राचा भोंगा वाजायला लागला. केंद्र तर अजून सुरूही झालं नव्हतं! त्यांच्या घरात रेडॉन निघाला हवेच्या लिटरमागे सुमारे २,७०० पिकोक्युरी (हे किरणोत्साराचं एकक). शेजारच्या घरात तसं काहीच नव्हतं. तेव्हा गावाची सरासरी गावापुरती. आपलं घर आपणच मोजायचं.

मोजायचं किट, म्हणजे हवेतला रेडॉन टिपणारी छोटी डबी, कुठे ठेवता यावर बरंच अवलंबून आहे. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर नको, तिथली वाफ आणि पंखे घोळ घालतात. खिडकी, बाहेरची भिंत, थेट ऊन, हेही टाळा. राहत्या भागातला सर्वात खालचा मजला निवडा आणि किट जमिनीपासून हातभर उंच ठेवा. अल्पकालीन, म्हणजे काही दिवसांची, चाचणी असेल तर आधीचे १२ तास आणि चाचणीभर दारं-खिडक्या बंद. येण्या-जाण्यापुरतं दार उघडलं तर चालतं.

कोळशाचं किट (त्यातला कोळसा रेडॉन शोषून धरतो, मग डबी प्रयोगशाळेत पाठवायची असते) वापरणाऱ्यांची अडचण बहुतेकदा टपालाची असते. रेडॉन ३.८ दिवसांत निम्मा होतो, त्यामुळे डबी चार-पाच दिवस कपाटावर पडून राहिली तर प्रयोगशाळेच्या हाती निम्म्याहूनही कमी उरतं. गावातून टपाल ठरावीक वारीच निघत असेल तर आधी तो वार बघा आणि चाचणी त्या सकाळी संपेल अशी सुरू करा. सुरुवातीची आणि शेवटची वेळ फॉर्मवर लिहायला विसरू नका, त्याशिवाय हिशेबच होत नाही.

निकाल आला की एकक आधी वाचा. एकाकडे ४, दुसऱ्याकडे १४८, आणि घबराट उडते. पण लिटरमागे ४ पिकोक्युरी म्हणजेच घनमीटरमागे १४८ बेक्वेरेल. अमेरिकेत याच पातळीला उपाय करायला सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेची संदर्भ पातळी १०० बेक्वेरेल आहे. आकडा सीमेवर असेल तर एकाच चाचणीवरून दुरुस्तीचा खर्च करू नका. ऋतूनुसार पातळी बदलते. तीन महिने ते वर्षभराचा अल्फा-ट्रॅक डिटेक्टर (किरणांचे ओरखडे प्लास्टिकच्या तुकड्यावर टिपणारं साधन) लावा, तो जास्त भरवशाचा.

खासगी विहिरीचं किंवा बोअरचं पाणी असेल तर तेही तपासा. अंघोळीच्या वेळी पाण्यातला रेडॉन हवेत मिसळतो.

आणि नुसत्या भेगा बुजवून काम झालं असं समजू नका. खात्रीचा उपाय म्हणजे फरशीखालची हवा पाइपने ओढून छपरावर सोडणारा पंखा. त्या पाइपवर रंगीत पाण्याची यू-आकाराची नळी असते. दोन्ही बाजूंचं पाणी एका पातळीत दिसलं तर पंखा हवा ओढत नाहीये, मेकॅनिकला बोलवा.