मेल सर्व्हरवर ब्लॅकलिस्ट लावताय? मग या चुका टाळा

सोमवारी सकाळी सव्वादहाला भोसरीतल्या एका छोट्या कारखान्याच्या परचेसमधून फोन आला. "सर, आज एकही मेल आला नाही. स्पॅमसुद्धा नाही." हे दुसरं वाक्य ऐकून माझ्या पोटात गोळा आला. स्पॅम कमी झालं तर आपली पाठ थोपटून घ्यावी, पण साफ बंद झालं म्हणजे दारालाच कडी लागलेली असते. लॉग उघडला तर ओळीमागून ओळ ५५४, म्हणजे मेल नाकारल्याचा कोड. जीमेल नाकारलं, बँक नाकारली, स्टीलवाला पुरवठादार नाकारला. कारण सगळीकडे एकच : पाठवणाऱ्याचा आयपी (इंटरनेटवरचा आकड्यांतला पत्ता) म्हणे स्पॅमहाउसच्या झेन यादीत आहे. स्पॅमहाउस ही अशा बदनाम आयपींच्या याद्या, म्हणजे ब्लॅकलिस्ट, ठेवणारी संस्था.

अख्खं जीमेल एका रात्रीत काळ्या यादीत जात नसतं. शनिवारी तिथला राउटर बदलला होता आणि बदलणाऱ्याने हात फिरवता फिरवता सर्व्हरच्या डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा) ८.८.८.८, म्हणजे गूगलचं सार्वजनिक डीएनएस, टाकून दिलं होतं. एवढंच झालं होतं.

उत्तर आलं म्हणजे 'होय' असं नव्हे

ही चूक मी सर्वात जास्त वेळा पाहिली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आयपीची ब्लॅकलिस्ट डीएनएसवर चालते. १९२.०.२.९९ या आयपीवरून कोणी मेल द्यायला आलं की तुमचा सर्व्हर आकडे उलटे करतो, पुढे यादीचं नाव जोडतो आणि '९९.२.०.१९२.झेन.स्पॅमहाउस.ऑर्ग' असं नाव डीएनएसला विचारतो. (प्रत्यक्षात नाव रोमन अक्षरांत, हे वेगळं सांगायला नको.) असं नावच नाही असं उत्तर आलं, तर तो आयपी यादीत नाही. यादीत असेल तर १२७ ने सुरू होणारा पत्ता मिळतो आणि त्यातला शेवटचा आकडा कारण सांगतो. स्पॅमहाउसमध्ये २ म्हणजे स्पॅम पाठवणाऱ्यांची यादी, ४ म्हणजे व्हायरस लागलेली किंवा हॅक झालेली मशिन्स, १० आणि ११ म्हणजे थेट मेल पाठवणं अपेक्षितच नाही असे घरगुती ब्रॉडबँडचे आयपी.

पण १२७.२५५.२५५.२५४ असंही उत्तर येतं. त्याचा अर्थ, तुम्ही सार्वजनिक डीएनएसमधून विचारताय, तुम्हाला उत्तर देणार नाही. शेवटी २५५ असेल तर तुमच्या चौकश्या फार झाल्या, २५२ असेल तर यादीचं नाव लिहिताना चुकलात. पोस्टफिक्स या मेल सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये 'रिजेक्ट आरबीएल क्लायंट' (यादीतल्याला नाकारा) हा नियम नुसत्या यादीच्या नावाने लिहिला असेल, तर यातलं कुठलंही उत्तर त्याला 'होय, यादीत आहे' असंच वाटतं. आमच्या कारखान्यात नेमकं तेच झालं होतं.

उपाय दोन, आणि दोन्ही करायचे. यादीच्या नावापुढे बरोबरचं (=) चिन्ह देऊन १२७.०.०.[२..११] एवढीच उत्तरं मान्य करा. आणि सर्व्हरवरच अनबाउंडसारखा स्वतःचा रिझॉल्व्हर (डीएनएसला प्रश्न विचारून उत्तर आणणारा प्रोग्रॅम) बसवा, तोही पुढे कोणाकडे न ढकलता थेट विचारणारा. मग हात डिगवर, म्हणजे डीएनएसला स्वतः प्रश्न विचारायच्या कमांडवर, जाऊ द्या. १२७.०.०.२ हा मुद्दाम यादीत ठेवलेला चाचणीचा आयपी आहे, त्याला 'होय' यायलाच हवं. १२७.०.०.१ ला कधीच यायला नको. दोन्ही तपासा. पहिली चाचणी नापास झाली तर ब्लॅकलिस्ट नुसती शोभेला आहे, दुसरी झाली तर मेल चाललाय कचऱ्यात.

जाता जाता : स्पॅमहाउसची फुकट सेवा छोट्या, बिगरव्यावसायिक वापरासाठी आहे. कंपनीचा सर्व्हर असेल तर अटी आधी वाचा.

मेलेल्या याद्या

दहा वर्षांपूर्वी कोणीतरी इंटरनेटवरून उतरवलेली सेटिंग फाइल अजून चालू असते आणि तिच्यात पाच-सहा याद्या नांदत असतात. त्यातल्या किती जिवंत आहेत? सॉर्ब्स ५ जून २०२४ रोजी बंद झाली. बंद पडलेली यादी गप्प राहिली तर नुकसान नाही, फक्त चौकशीत वेळ जातो. पण ओआरडीबी २००६ च्या अखेरीस बंद झाली आणि मार्च २००८ मध्ये तिने प्रत्येक चौकशीला 'होय' म्हणायला सुरुवात केली, लोकांनी एकदाचं तिचं नाव काढून टाकावं म्हणून. सव्वा वर्ष ज्यांनी फाइल उघडली नव्हती, त्यांचा मेल त्या दिवशी थांबला. आणि यादी जिवंत असली तरी निर्धास्त राहू नका. ३१ जानेवारी २०२१ ला स्पॅमकॉपच्या डोमेनची मुदतच संपली. नाव पार्किंगच्या पानाकडे गेलं, कुठल्याही चौकशीला पत्ता मिळू लागला आणि जगभर चांगले मेल परत गेले. वर सांगितलेला १२७ चा गाळणा ज्यांनी लावला होता, त्यांना याची झळ लागली नाही.

प्रत्येक यादीच्या हाती व्हेटो

ब्लॅकलिस्ट म्हणजे दुसऱ्या कोणाचं तरी मत. काही मतं विचारपूर्वक बनलेली असतात, काही रागाच्या भरात. यूसीईप्रोटेक्टची तिसरी पातळी तर एका नेटवर्क कंपनीचे सगळेच आयपी एकदम यादीत टाकते. शेजाऱ्याने कचरा टाकला म्हणून अख्ख्या सोसायटीचं पाणी तोडायचा प्रकार. अशा यादीवर मेल नाकारू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

पोस्टफिक्सच्या पोस्टस्क्रीन या भागात यादीला वजन देता येतं आणि वजनांची बेरीज उंबरठ्याला पोचली की मेल नाकारला जातो. मी साधारण उंबरठा ३ ठेवतो, झेनला ३, स्पॅमकॉपला २, बाराकुडाला २. म्हणजे झेन एकटी नाकारू शकते, बाकीच्यांना जोडीदार लागतो. बाराकुडाकडे आधी आपल्या डीएनएसचा आयपी नोंदवावा लागतो, हे बरेच जण विसरतात.

आपलीच माणसं बाहेर

सेल्सचा माणूस नाशिकच्या लॉजवरून कोटेशन पाठवतो आणि आपलाच सर्व्हर त्याला हाकलतो. त्याचा आयपी झेनमध्ये असणारच, कारण घरगुती ब्रॉडबँडचे आयपी त्या यादीत असावेत अशीच तिची रचना आहे. त्यात त्याची काही चूक नाही. नियमांचा क्रम चुकलाय. आधी आपलं नेटवर्क, मग लॉगिन केलेले वापरकर्ते, मग आपलं डोमेन सोडून दुसरीकडे जाणारा मेल नाकारणं, आणि त्यानंतर ब्लॅकलिस्ट. लोकांना ५८७ पोर्टवर लॉगिन करून मेल पाठवायला लावा.

हाच घोळ स्पॅमअसॅसिन या स्पॅम ओळखणाऱ्या प्रोग्रॅममध्ये वेगळ्या रूपात होतो. मेल आधी दुसऱ्या गेटवेवर (मधल्या मेल सर्व्हरवर) येऊन मग तुमच्याकडे येत असेल, तर त्या गेटवेचा आयपी 'ट्रस्टेड नेटवर्क्स' आणि 'इंटर्नल नेटवर्क्स' या दोन्हींत लिहा. नाहीतर गेटवेलाच पाठवणारा समजून तपासणी होते आणि खरा स्पॅमवाला मागच्या मागे सुटतो.

व्हाइटलिस्टचं भगदाड

साहेबांचा एक मेल अडकला की हुकूम येतो, "याला कायमचं सोडा." मग घाईत पाठवणाऱ्याचा ईमेल पत्ता व्हाइटलिस्टमध्ये जातो. पण पाठवणाऱ्याचं नाव कोणीही खोटं लिहू शकतो. सगळ्यात वाईट म्हणजे स्वतःचंच डोमेन तिथे घालणं. मग 'अकाउंट्सकडून' आलेलं बनावट बिल थेट अकाउंट्सच्याच इनबॉक्समध्ये. सूट द्यायची तर आयपीला द्या. आणि पोस्टफिक्समध्ये ती 'ओके' असलेली ओळ रिलेवरच्या (दुसरीकडे जाणाऱ्या मेलवरच्या) बंदीच्या आधी टाकू नका, नाहीतर त्या आयपीला तुमच्या सर्व्हरवरून जगात कुठेही मेल पाठवायची मुभा मिळते आणि पुढच्या महिन्यात यादीत तुमचंच नाव.

नाकारायचं ते दारातच

मेल आत घेऊन मग 'परत' पाठवू नका. स्पॅममधला पाठवणारा खोटा असतो, ते उत्तर भलत्याच्याच डोक्यावर पडतं. गुपचूप फेकूही नका. जोडणी चालू असतानाच ५५४ द्या आणि त्या ओळीत मदतीचा फोन नंबर घाला. त्या सोमवारी स्टीलवाल्याने फोन केला असता, पण आमच्या संदेशात नंबरच नव्हता. मेल पोचला नाही म्हणून त्याने ऑर्डरचं काम दोन दिवस पुढे ढकललं.

आता नवीन यादी लावताना मी आधी आठवडाभर 'वॉर्न इफ रिजेक्ट' लावून ठेवतो. मेल येतो, फक्त लॉगमध्ये 'नाकारला असता' अशी नोंद होते. शनिवारी त्या नोंदी काढून परचेसच्या ताईंपुढे ठेवतो. आपले पुरवठादार कोण, हे माझ्यापेक्षा त्यांना कळतं. मागच्या वेळी त्यांनी त्या कागदावर दोन नावांभोवती लाल पेनने गोल केले, एक ट्रान्सपोर्टवाला आणि एक बेअरिंगवाला. ती यादी मी लावलीच नाही.