उन्हाळ्यात गिटारची तार खरखरते? आधी नेक बघा

एप्रिल-मे मध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास गेला की हवा कोरडी पडते. लाकडातला ओलावा कमी होतो आणि इलेक्ट्रिक गिटारचा नेक, म्हणजे तारांखालची लांब दांडी, सरळ होतो, कधी उलटा मागे वाकतो. मग पहिल्या चार-पाच फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) तार खरखरते आणि शिकणाऱ्याला वाटतं, आपलंच बोट चुकतंय.

तपासणी सोपी आहे. आधी गिटार नीट ट्यून करा. जाड ई तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक बॉडीला जुळतो तिथल्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखाली साधारण ०.२ ते ०.२५ मिलिमीटर फट हवी, म्हणजे व्हिजिटिंग कार्डापेक्षा थोडी कमीच. तार फ्रेटला चिकटली असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली, त्याचा बाक सांभाळणारी धातूची सळई) सैल करायचा: घड्याळाच्या उलट दिशेने, एका वेळी पाव फेराच. पुन्हा ट्यून करा, पुन्हा मोजा. रॉडचा नट फिरवायची ॲलन की (षटकोनी चावी) अगदी मापाचीच घ्या. ढिली चावी नटाचे कोपरे खाते आणि मग काम कारागिराकडेच जातं. नट फिरतच नसेल तर जोर लावू नका.

सगळ्याच फ्रेटवर खरखर असेल तर बहुधा ब्रिजवरचे (बॉडीवर तारा जिथे टेकतात तो भाग) सॅडल, म्हणजे प्रत्येक तारेखालचे छोटे आधार, खाली बसलेत, ते किंचित उचला. पावसाळ्यात नेक पुढे वाकून तारा उंच झाल्या तर ट्रस रॉड थोडा आवळा.

आणि गिटार कूलरच्या झोतात टांगू नका. त्या ओल्या हवेने तारा लवकर गंजतात.